शेडचं जुळं: भोसरीच्या मशीन शॉपमधल्या व्हीआर कामाच्या नोंदी

आमचं मशीन शॉप भोसरीत आहे आणि कास्टिंग कोल्हापूरच्या एका फाउंड्रीतून येतं. मी फिक्स्चरचं, म्हणजे कापताना कास्टिंग मशीनवर पकडून ठेवणाऱ्या साधनाचं, डिझाइन बघते. नवीन गिअरबॉक्स हाउसिंगच्या कामासाठी आम्ही शेडचं डिजिटल ट्विन, म्हणजे संगणकातली हुबेहूब प्रतिकृती, केलं आणि व्हीआर हेडसेट घालून भोसरी आणि कोल्हापूरच्या माणसांनी त्यात एकत्र काम केलं. आमच्याएवढ्याच शॉपला हे करायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून नोंदी जशा लिहिल्या तशाच ठेवल्या आहेत. शॉपमधली मंडळी ट्विनला ‘जुळं’ म्हणतात, मीही तेच म्हणते.

४ जानेवारी २०२५, शनिवार

काम ठरलं. कारण मागचं फिक्स्चर. त्याला ४ लाख ६० हजार लागले, ड्रॉइंगवर सगळ्यांच्या सह्या होत्या, आणि मशीनवर चढवल्यावर मागच्या क्लॅम्पच्या नटाला पाना फिरेना. शिवाय कास्टिंग लोकेटरवर, म्हणजे ते जिथे टेकून बसतं त्या टेकूंवर, डुगडुगायचं. १९ दिवस मशीन रडतखडत चाललं, कोल्हापूरला सहा चकरा झाल्या, आणि प्रत्येक चकरेत चूक कुणाची यावरच अर्धा दिवस गेला.

मालकांनी बीएमडब्ल्यूच्या हंगेरीतल्या डेब्रेत्सेन कारखान्याबद्दल वाचलंय. मार्च २०२३ मध्ये तो कारखाना आभासी रूपात आधी ‘सुरू’ झाला, विक्रीच्या गाड्या तिथून अजून निघायच्याच आहेत. त्यांच्यामागे फौज आहे. इथे मी, एक शिकाऊ मुलगा आणि ३ लाखांची मर्यादा. मी एवढंच कबूल केलं की नवीन फिक्स्चरचं लोखंड कापण्याआधी ऑपरेटर, सेटर आणि फाउंड्रीवाले त्याच्याभोवती उभे राहिलेले असतील.

जॉब (मशीनवर कापायचा भाग): एफजी २६० प्रतीचं बीड (ओतीव लोखंड), ३८ किलो, दोन ऑपरेशन, शेजारी शेजारी दोन व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची संगणकी मशीन).

९ जानेवारी, गुरुवार

गुरुवारी आमची सुट्टी, म्हणून शेड मोजायला आजचा दिवस धरला. लिडारवाल्या (लेझरने अंतर मोजणाऱ्या) फोनवर काम भागेल असं वाटलं होतं. भागलं नाही. फोनच्या लिडारचा पल्ला साधारण ५ मीटर, आमची शेड २४ मीटर लांब. भिंतीच्या कडेने चालत चालत स्कॅन करून सुरुवातीच्या कॉलमपाशी परत आले तर तोच कॉलम मॉडेलमध्ये दोनदा, एकमेकांपासून ११ सेंटीमीटरवर. तीन वेळा केलं, तीन वेगळी उत्तरं आली. दिवस गेला.

एका मशीनपुरतं, दोन-तीन मीटरच्या आत, फोन चालतो. पूर्ण शेडसाठी त्याच्या वाटेला जाऊ नका.

१६ जानेवारी, गुरुवार

लेझर स्कॅनर माणसासकट भाड्याने आणला, २२,००० रुपये. १४ ठिकाणी तिवई लावली, दुपारी तीनपर्यंत संपलं. पॉइंट क्लाउड (मोजलेल्या बिंदूंचा ढग) क्लाउडकम्पेअर या सॉफ्टवेअरमध्ये जोडला. ते फुकट आहे आणि आम्हाला पुरलं.

दोन गोष्टी कळल्या. दुसऱ्या गाळ्यातला कॉलम ड्रॉइंगपेक्षा १४० मिलिमीटर आत आहे, आणि जमीन नाल्याकडे ३५ मिलिमीटर उतरते. बारा वर्षं आम्ही त्या ड्रॉइंगवर मशीन मांडत आलोय.

एक चूक झाली. स्कॅनर येणार म्हणून सुपरवायझरनी सकाळी शेड धुवून घेतली. ओल्या जमिनीवरून किरण उलटला आणि जमिनीच्या खाली दुसरी शेड उलटी लटकल्यासारखी आली. ते बिंदू हाताने पुसण्यात शिकाऊ मुलाचे दोन दिवस जातील. जमीन कोरडी ठेवा, चकचकीत पॅनलवर कागद चिकटवा.

२८ जानेवारी, मंगळवार

शेड, मशीन आणि फिक्स्चर पहिल्यांदा हेडसेटमध्ये. हेडसेट क्वेस्ट ३, दोन नग, हातात पडेपर्यंत १,१४,००० रुपये. सॉफ्टवेअर गोडो इंजिन, मुक्त स्रोत असल्याने परवान्याचा खर्च नाही.

हेडसेट घातला आणि चार मिनिटांत मळमळायला लागलं. अर्धा तास खुर्चीत बसून होते. मशीन बनवणाऱ्याकडून आलेल्या व्हीएमसीच्या मॉडेलमध्ये ४२ लाख त्रिकोण (पृष्ठभाग ज्यांनी बनतो ते तुकडे) होते, प्रत्येक बोल्टच्या आट्यासकट. हेडसेटला सेकंदाला ७२ चित्रं काढायची असतात, म्हणजे एका चित्राला १४ मिलिसेकंदही मिळत नाहीत. आमची जेमतेम २० निघत होती. मान वळवली की शेड मागून घसरत येते, आणि पोट लगेच तक्रार करतं.

आधी सॉफ्टवेअरला आपोआप त्रिकोण कमी करायला लावलं. दरवाज्याच्या कडा फाटल्या, आणि दरवाज्याची कड हीच तर आम्हाला हवी होती, कारण जॉब तिथूनच आत जातो. शेवटी ब्लेंडर या ३डी सॉफ्टवेअरमध्ये मशीन हाताने नव्याने बांधलं: टेबल, दरवाजे, स्पिंडलचं तोंड, टूल चेंजर फिरण्याची जागा, पॅनल. आतलं काही नाही. दोन दिवस लागले. आता दोन्ही मशीन, शेड आणि फिक्स्चर मिळून ३ लाख ८० हजार त्रिकोण आहेत आणि ७२ चित्रं निघतात. पहिल्याच दिवशी हे करायला हवं होतं.

१ फेब्रुवारी, शनिवार

मापाचा घोळ. कॅड (डिझाइनचं सॉफ्टवेअर) मिलिमीटरमध्ये, गोडो मीटरमध्ये. फिक्स्चर डोंगराएवढं झालं ते लगेच दिसलं आणि दुरुस्तही झालं. दिसली नाही ती छोटी चूक: हेडसेटने जमीन ९ सेंटीमीटर खाली धरली होती. तीन दिवस आम्ही ‘क्लॅम्प खाली पडतोय, वर घ्या’ म्हणत होतो आणि मी वर घेतलाही. क्लॅम्पची मूळ उंची बरोबर होती.

आता उपाय असा केलाय. भिंतीवर एक मीटरची लोखंडी पट्टी बसवली, खालचं टोक जमिनीला टेकलेलं. तीच पट्टी जुळ्यात त्याच जागी. बैठक सुरू करण्याआधी हेडसेटबरोबरच्या हातातल्या कंट्रोलरने खऱ्या पट्टीची दोन टोकं शिवायची, आणि जुळ्यातली पट्टी तिथेच असली पाहिजे. कोल्हापूरलाही तशीच पट्टी पाठवली. या २०० रुपयांच्या पट्टीने जेवढं वाचवलंय तेवढं दुसऱ्या कशानेही नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

कोल्हापूरशी जोडणी. त्यांची सुट्टी सोमवारी, आमची गुरुवारी, त्यामुळे आठवड्यात बैठकीला पाचच दिवस. त्यांच्या ऑफिसचं वाय-फाय पत्र्याच्या भिंतीआड मरतं म्हणून वेगळा ॲक्सेस पॉइंट लावला, केबलसकट ९,८०० रुपये.

मॉडेल इंटरनेटवरून वाहत नाही. ते दोन्हीकडे आधीच कॉपी केलेलं असतं. बैठकीत फक्त प्रत्येकाच्या डोक्याची आणि दोन हातांची जागा सेकंदाला २० वेळा जाते. एवढं साध्या ब्रॉडबँडवर आरामात चालतं. आवाज मात्र तुटत होता. दोन संध्याकाळी त्यावर घालवल्या आणि मग सरळ फोन लावून स्पीकरवर ठेवला. अजून तसंच चाललंय.

वेळ खाल्ला तो वेगळ्याच गोष्टीने. त्यांच्याकडे मॉडेलचं जुनं रिव्हिजन बी, आमच्याकडे सी. ते म्हणत होते रेस्ट पॅड (जॉब ज्यावर टेकतो तो) आडवा येतोय. आम्ही म्हणत होतो तिथे पॅडच नाही. ४० मिनिटं, आणि आवाज चढलेले. आता रिव्हिजनचं अक्षर फिक्स्चरच्या डोक्यावर वीतभर मोठं लिहिलेलं असतं, आणि दोन्हीकडे वेगवेगळं असेल तर बैठक उघडतच नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिली खरी बैठक. फाउंड्रीकडून पॅटर्न शॉपचे (साच्याचे नमुने बनवणाऱ्या विभागाचे) आप्पा. वय साठीच्या पुढे, चष्मा जाड. हेडसेट चष्म्यावर दाबला गेला आणि त्यांनी चार मिनिटांत काढून ठेवला. “डोळं दुखाय लागलं, तुमी बघा, मी ऐकतो.” चेहऱ्यावरची गादी पुढे सरकते आणि चष्म्याला जागा होते, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. आधी वाचायला हवं होतं. ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्यांनाच पहिला अनुभव त्रासाचा आला.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आप्पा परत आले, गादी सरकवून. आत उभं राहून हाउसिंगभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, “ताई, ह्याचं पार्टिंग कुठं हाय?”

पार्टिंग, म्हणजे साच्याच्या दोन पेट्या जिथे मिळतात ती रेघ, मॉडेलवर नव्हती. मी कस्टमरचं फिनिश मॉडेल घातलं होतं. त्यात ड्राफ्ट (पॅटर्न साच्यातून सुटावा म्हणून दिलेला उतार) नाही, पार्टिंग लाइन नाही, रायझर (जादा रसाचा खांब) तोडल्याची खूण नाही. आप्पांनी कंट्रोलरने हवेतच रेघ ओढली: इथून वरची पेटी, इथून खालची. रेघ बरोबर माझ्या दुसऱ्या लोकेटरवरून गेली. पार्टिंगवर फेटलिंगनंतरही (कास्टिंग घासून साफ केल्यावरही) अर्धा ते दीड मिलिमीटर फ्लॅश (बाहेर आलेली पातळ कड) राहतो. म्हणजे प्रत्येक जॉब वेगळ्या ठिकाणी टेकला असता. मागच्या फिक्स्चरवर कास्टिंग का डुगडुगायचं, तेही आज कळलं.

पार्टिंगवर लोकेटर घेऊ नये हे मला माहीत आहे, शिकलेय. पण समोरच्या मॉडेलवर ती रेघच नसेल तर माहीत असून काय उपयोग?

आप्पांचं पुढचं म्हणणं जास्त मोलाचं. बाजूचे दोन्ही लोकेटर एकाच पेटीत घ्या, दोन पेट्या एकमेकींवर किंचित सरकल्या तरी तुमचा जॉब हलणार नाही. एक लोकेटर २६ मिलिमीटर, दुसरा ४१ मिलिमीटर सरकवला, दोन्ही खालच्या पेटीच्या बाजूला. खर्च शून्य, लोखंड अजून कापलंच नव्हतं.

तेव्हाच नमुन्याचं कास्टिंग मागवून स्कॅन करून घेतलं, ८,००० रुपये. आता जुळ्यात खडबडीत कास्टिंग असतं, फिनिश मॉडेल नाही.

५ मार्च, बुधवार

ऑपरेटर दादांची पाळी. नऊ वर्षं याच मशीनवर आहेत. आत शिरले, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, “मॅडम, ही आपली शेड नाही.”

मला आधी वाटलं हेडसेटचं काही बिघडलं. तसं नव्हतं. जानेवारीत शेड धुतली तेव्हा आवरलीही होती. स्टूल, चहाच्या किटलीचं कपाट, एअर गनचा पाइप, रिजेक्शनचं लाल पिंप, दोन मशीनमधला लाकडी पाट, काहीच स्कॅनमध्ये नाही. दादा रोज ज्या जागेत उभे राहतात ती जागा जुळ्यात दीडपट मोकळी होती. मी तिथे जॉबची ट्रॉली मांडून ठेवली होती. प्रत्यक्षात ती तिथे मावणार नाही.

दुपारी दादांनीच टेप धरून एकेक वस्तू मोजली, मी मांडत गेले. लाकडी पाट काढून टाकू असं मी सुचवलं, तर कळलं की सिमेंटवर आठ तास उभं राहून टाचा दुखतात म्हणून तो आहे. पाट राहिला, ट्रॉलीची जागा बदलली.

मग दादा खाली बसले, फिक्स्चरच्या पोटात डोकावले आणि म्हणाले, “भुसा कुठं जाणार?”

आम्ही बीड कोरडं कापतो. त्याचा काळा बारीक भुसा निघतो आणि मिळेल त्या खोबणीत भरतो. मॉडेलमध्ये भुसा नसतो. संध्याकाळी मी साधी गोष्ट केली, वर तोंड असलेल्या प्रत्येक सपाट जागेवर ३ सेंटीमीटरचा करडा थर घातला. परत आत गेल्यावर तीन रेस्ट पॅड थरात बुडालेले. पॅड उंच केले, खाली तिरपे उतार दिले, एअर गनचं तोंड आत जाईल एवढ्या खिडक्या पाडल्या. फिक्स्चरचं वजन ७ किलोने कमी झालं.

पान्याचाही निकाल आजच लागला. दादांना खरा १९ नंबरचा पाना हातात दिला आणि कंट्रोलर त्यालाच टेपने बांधला. मागच्या क्लॅम्पपाशी पाना दरवाज्याच्या चौकटीला अडतो. क्लॅम्प ३० अंश फिरवला. मी उभी राहिले तर मला अडत नव्हता, माझी उंची पाच फूट दोन आणि दादांची पाच नऊ. आपण स्वतः बघून ‘चालेल’ म्हणू नये, जो आठ तास तिथे उभा राहणार त्याला उभं करावं.

८ मार्च, शनिवार

बीडाचा भुसा हेडसेटच्या गादीत आणि भिंगावर. पुसताना एका भिंगावर ओरखडे आले. आता व्हीआरचा कोपरा क्वालिटीच्या खोलीत हलवला, धुता येणाऱ्या सिलिकॉन गाद्या आणि पुसायचे कपडे आणले, ४,२०० रुपये. घामाचाही प्रश्न होता. एकाची गादी दुसरा घालायला तयार नव्हता, आणि त्यांचं बरोबर होतं. प्रत्येकाची गादी वेगळी, नाव घालून.

एक चांगली सवय इथेच लागली. एक जण आत, बाकीचे टीव्हीवर तो काय बघतोय ते बघतात. सगळ्यांना हेडसेट घेण्याची गरज नाही. उलट बाहेरचे जास्त बोलतात.

१५ मार्च, शनिवार

नुकसान. काल धुळवड, शॉप बंद होतं. परवा संध्याकाळी मी हेडसेट खिडकीजवळच्या टेबलावर ठेवून गेले, भिंगं वर करून. काल दिवसभर ऊन आत आलं. भिंगातून ऊन पडद्यावर एकवटतं आणि पडदा जळतो. उजव्या डोळ्यापुढे पिवळसर वेडीवाकडी रेघ कायमची. दुरुस्ती नाही, नवा घ्यावा लागला: ५७,००० रुपये. चूक पूर्णपणे माझी. मालक काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. आता हेडसेट कुलपाच्या कपाटात, पेटीत, भिंगांवर कापड.

२१ मार्च ते ५ एप्रिल

चालू मशीनची माहिती जुळ्यात आणायचं काम. पंधरा दिवस गेले, त्यातले सहा वाया.

व्हीएमसी १ ला इथरनेट आहे, कंट्रोलरमधून स्पिंडल लोड आणि सायकलची स्थिती सरळ वाचता आली. व्हीएमसी २ जुनं, त्याला पोर्टच नाही. तिथे स्पिंडल मोटरच्या केबलला करंट क्लॅम्प (वीजप्रवाह मोजणारा) आणि एक ईएसपी३२ (छोटा मायक्रोकंट्रोलर) लावला. अचूक लोड मिळत नाही, कापतंय की नाही आणि जोर वाढतोय की नाही एवढं कळतं. आम्हाला तेवढं पुरे. हायड्रॉलिक क्लॅम्पचा दाब ४-२० मिलिॲम्पिअरच्या सेन्सरने, तिथून आरएस-४८५ (आकडे पाठवायच्या वायरची जोडणी) वरून रास्पबेरी पाय या छोट्या संगणकापर्यंत.

सहा दिवस त्या आरएस-४८५ ने खाल्ले. सकाळी आकडे नीट, मशीन चालू झालं की कचरा. मी प्रोग्राम तीनदा लिहिला. दोष प्रोग्राममध्ये नव्हताच. वायर ९ मीटर व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) केबलला चिकटून एकाच पट्टीतून नेली होती आणि दोन टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर लावलेलेच नव्हते. आमच्या इलेक्ट्रिशियन मामांनी बघताक्षणी सांगितलं. त्यांना पहिल्या दिवशी विचारलं असतं तर सहा दिवस वाचले असते. वायर वेगळ्या वाटेने, शिल्ड एका टोकाला अर्थ, दोन रेझिस्टर. तेव्हापासून शांत.

मग वेळेचा गोंधळ. जुळ्यात दरवाजा उघडा आणि स्पिंडल फिरतंय असं दिसायला लागलं, सुपरवायझर धावत आले. मशीनवर काहीच नव्हतं. मशीनच्या कंट्रोलरचं घड्याळ ७ मिनिटं मागे होतं. आता मशीनची वेळ घेतच नाही. रास्पबेरी पायने आकडा वाचला ती वेळ धरतो आणि तो इंटरनेटवरून घड्याळ जुळवतो.

सेन्सर, पाय, केबल, डबे मिळून ३१,५०० रुपये. फिक्स्चरच्या बैठकींना यातलं काहीच लागलं नव्हतं. कुणी विचारलं तर मी सांगेन, हे शेवटी करा.

१२ एप्रिल, शनिवार

जोतिबाची यात्रा, फाउंड्री बंद. फिक्स्चरचं काम बाहेर चालू आहे.

२४ एप्रिल, गुरुवार

फिक्स्चर आलं, सुट्टीच्या दिवशी चढवलं. दादा स्वतःहून आले. पाना फिरला. ट्रॉली बसली. कास्टिंग तीन पॅडवर बसलं, डुगडुगलं नाही. पहिल्या जॉबला दुपारी दोनला हात घातला, साडेचारला उतरला.

एक गोष्ट चुकली. हायड्रॉलिक होज (तेलाचा पाइप) मी जुळ्यात छान वळवून दाखवला होता. खरा होज तेवढा वळत नाही, ताठ राहिला आणि दरवाजा ढकलायला लागला. मॉडेलमधला होज म्हणजे नुसती रेघ, तिला ताठपणा नसतो. कोपऱ्यात एल्बो टाकून होज बाजूने नेला. एक दिवस, ६,५०० रुपये. मागच्या वेळच्या १९ दिवसांपुढे हे मी आनंदाने लिहिते.

१५ मे, गुरुवार

यासाठी वेगळी नोंद हवी, कारण जुळं फिक्स्चरच्या पुढे पहिल्यांदा इथे कामाला आलं.

गेल्या आठवड्यापासून १२० मिलिमीटरच्या बोअरला (गोल भोकाला) काळं राहायला लागलं, म्हणजे तेवढ्या जागी ओतीव पृष्ठभाग न कापता तसाच राहायचा. दर पंधरा-वीस जॉबमागे एक, मग दर आठामागे एक. आम्ही फोटो पाठवले, ‘डावीकडे काळं राहतंय’ लिहून. फाउंड्रीने साच्याची डावी बाजू दोनदा तपासली, काही सापडलं नाही. नेहमीप्रमाणे फोनवर सूर बदलायला लागले. त्यांचं म्हणणं तुमचं फिक्स्चर सरकलंय. आमचं म्हणणं तुमचा कोअर (भोक राहावं म्हणून साच्यात ठेवतात तो वाळूचा गाभा).

मंगळवारी स्पिंडल लोडच्या नोंदी काढल्या. बहुतेक जॉबवर बोअरिंगला लोड ३४ ते ३८ टक्के, काहींवर ५५ पर्यंत उसळी. त्या जॉबवरचे ओतीव आकडे दादांनी बघितले: सगळे पॅटर्न नंबर २ चे. पॅटर्न १ चा एकही नाही. फिक्स्चर सरकलं असतं तर दोन्हीत दिसलं असतं.

एक रिजेक्ट कास्टिंग स्कॅन केलं (आणखी ८,०००) आणि बुधवारी संध्याकाळी जुळ्यात ठेवलं, मटेरियल कमी तिथे लाल, जास्त तिथे निळं. आप्पा आत आले. हाउसिंग आमच्या मशीनवर उभं असतं, बोअरचा अक्ष सरळ वर. आप्पांनी ते दोन्ही हातांनी धरून आडवं केलं, ओतताना साच्यात असतं तसं. लाल भाग फिरून थेट वर आला.

आमची ‘डावी’ ही त्यांची ‘वरची पेटी’ होती. फोटोत हे कुणालाच दिसलं नाही, आम्हालाही नाही.

आप्पा लगेच म्हणाले, “कोअर तरंगलाय.” बीडाचा रस वाळूच्या कोअरपेक्षा कितीतरी जड. तो कोअरला वर उचलतो, आणि वरच्या पेटीतला कोअर प्रिंट (कोअरचं टोक पकडणारी खोबण) घट्ट असेल तरच कोअर जागेवर राहतो. बोअरला प्रत्येक बाजूला ३ मिलिमीटर मशीनिंग स्टॉक (कापायचं जादा मटेरियल) ठेवलेला. कोअर ३.२ वर गेला, म्हणजे एका बाजूला ६.२ आणि समोर काहीच नाही. तिथे काळं राहणारच. आज सकाळी त्यांनी पॅटर्न २ चा वरचा प्रिंट मोजला. झिजलेला निघाला.

बैठक पन्नास मिनिटांची. कुणी गाडीत बसलं नाही. मला सगळ्यात बरं वाटलं ते हे की शेवटी कुणी कुणाची माफी मागावी लागली नाही. तिघेही त्या लाल डागाकडे बघत होतो, एकमेकांकडे नाही.

२३ मे, शुक्रवार

प्रिंट दुरुस्त केलेल्या पॅटर्न २ चे पहिले ४० जॉब कापले. एकालाही काळं नाही. लोड ३९ च्या वर गेला नाही.

२७ मे, मंगळवार

दोन दिवस पाऊस, वीज आठ वेळा गेली. रास्पबेरी पायचं मेमरी कार्ड बिघडलं, चार दिवसांच्या नोंदी गेल्या. पायला छोटा यूपीएस जोडला, घरात पडून होता. नोंदी आता रोज रात्री दुसऱ्या संगणकावर जातात.

आजवरचा खर्च, हिशेबाच्या वहीतून: हेडसेट १,१४,०००, जळलेल्याच्या जागी ५७,०००, शेडचं स्कॅन २२,०००, दोन कास्टिंगची स्कॅन १६,०००, सेन्सर वगैरे ३१,५००, नेटवर्क ९,८००, गाद्या-कपडे ४,२००, होज ६,५००. एकूण २,६१,००० रुपये. माझे तास ३१२, त्यातले मॉडेल हलकं करण्यात आणि वायरीत गेलेले जवळजवळ शंभर. शिकाऊ मुलाचे तास मी लिहिले नाहीत, लिहायला हवे होते.

१२ जून, गुरुवार

आप्पांना आता कोअर शॉपचं जुळं हवंय. त्यासाठी आज आमचंच उघडून दाखवायचं होतं, तर मीटरपट्टी जुळली पण जुळ्यातला कॉम्प्रेसर जुन्याच जागी. मागच्या आठवड्यात तो दोन मीटर पुढे हलवला, मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पाच महिन्यांत जुळं शिळं व्हायला लागलंय. दर महिन्याला स्कॅनर आणणं परवडणारं नाही.

सुपरवायझर, दादा आणि मी बसून ठरवलं: पाळीच्या रजिस्टरमध्ये ‘काय हलवलं’ असा एक रकाना. वस्तू, कुठून कुठे, टेपचं माप. मॉडेलमध्ये बदल त्याच आठवड्यात मी करायचा. रकाना शुक्रवारपासून.

१४ जून, शनिवार

रात्रपाळीने पहिली नोंद केली आहे: “टूल ट्रॉली, व्हीएमसी २ च्या उजवीकडून डावीकडे, कॉलमपासून ६२० मिमी. उजवीकडे पाणी गळतं.” ट्रॉली हलवली. गळतीसाठी पत्रेवाल्याला फोन केलाय.